एका मायक्रॉनहून पातळ

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. वाहनाच्या पत्र्यावर रंग किती जाड बसला, किती चमकतो, उन्हात किती टिकतो, मिठाच्या फवाऱ्यात कधी गंज धरतो, हे मोजणं माझं काम होतं. आता निवृत्त होऊन नेरूळला राहते. सोसायटीतल्या कुणी नवी गाडी घेतली की पेढे द्यायला येतात आणि जाता जाता विचारतात, "काकू, वॅक्स कोणतं घेऊ? की सरळ सिरॅमिकच करून टाकू?"

मी त्यांना आधी उलट विचारते की गाडी दिवसभर कुठे उभी असते. कारण पुण्याच्या एखाद्या बंद गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीला जे वॅक्स शोभेल, ते सीवूड्स स्टेशनबाहेर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला पुरणार नाही.

आपल्या नवी मुंबईची जागा बघा. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकची डोंगररांग आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत टीटीसी औद्योगिक वसाहतीतले कारखाने, रेल्वे, महामार्ग आणि आपण. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली तेव्हापासून इथलं बांधकाम थांबलेलं नाही. तुर्भे, पावणे, शिरवण्याच्या दगडखाणींनी वर्षानुवर्षं धूळ उडवली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली. आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. ही धूळ म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भुगा. त्यातली खनिजं गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने बॉनेट पुसलं की हा भुगा फडक्याखाली फिरतो आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसू लागतात. गाडी जुनी झाली म्हणून चमक गेली असं लोक समजतात. बहुतेक वेळा ती पुसून पुसून गेलेली असते.

स्टेशनच्या पार्किंगमध्ये किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास पांढरी गाडी रोज उभी राहत असेल तर मागच्या दारावर हात फिरवून पाहा. खरखर लागेल आणि जवळून पाहिलं तर केशरी ठिपके दिसतील. रुळांवरून, ब्रेकमधून, कापकामातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण गरम पत्र्यावर बसतात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. तो गाडीचा गंज नसतो, पण काढला नाही तर क्लिअर कोटला डाग पाडतो.

झाडांचंही आहे. आपल्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष भरपूर. त्याच्याखाली गाडी लावली की काचेवर, टपावर चिकट शिंतोडे पडतात. झाडावरचे रस शोषणारे किडे हा चिकटा सोडतात, मग त्यावर धूळ बसते. पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट. तिच्यात युरिक आम्ल असतं. मेच्या दुपारी गडद रंगाचं बॉनेट साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं, क्लिअर कोट थोडा मऊ पडतो आणि दोन दिवसांत विष्ठेच्या आकाराचा खोलगट ठसा उमटतो. तो धुऊन जात नाही, घासावाच लागतो.

आता हे सगळं ज्याच्यावर पडतं तो रंग किती जाड असतो? कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर चढवतात. त्यावर साधारणपणे सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉन, आणि गाडीचं बाहेरचं सगळं आयुष्य त्याच्यावर. ऊन शोषून घेणारी रसायनंही त्यातच मिसळलेली असतात. दर वेळी "रबिंग-पॉलिश" करून घेतलं की या चाळीस-पन्नासांतला काही भाग कायमचा निघून जातो.

इथे एक भेद पक्का लक्षात ठेवायला हवा, कारण दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा पृष्ठभाग झिजवून चरे कमी करतं. वॅक्स काहीच काढत नाही, ते वर बसतं. त्याचा थर एक मायक्रॉनही भरत नाही. आमच्या जाडी मोजायच्या यंत्राला तो कळतसुद्धा नसे. एवढ्या थराने दगड लागून उडणारा टवका थांबत नाही. "उन्हापासून संपूर्ण संरक्षण" हे डब्यावरचं वाक्यही मी मनावर घेत नाही, ते काम क्लिअर कोटमधली रसायनं करतात. मग वॅक्स कशासाठी? घाण रंगाला थेट चिकटू नये, पाणी-साबणाने चटकन सुटावी, फडकं घसरून जावं, आम्ल क्लिअर कोटपर्यंत पोचायला थोडा वेळ लागावा, यासाठी. झिजायचं आहे ते वॅक्सने झिजावं, क्लिअर कोटने नाही.

झाडांनी हे फार पूर्वी साधलं. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही ते पानाच्या मेणचट, खडबडीत कणांमुळे. गाडीचं सर्वांत प्रसिद्ध वॅक्सही पानावरचंच आहे. ब्राझीलच्या ईशान्येला, सेआरा आणि पिआउई या कोरड्या प्रांतांत, कार्नौबा नावाचा ताड वाढतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या पानांवर मेणाचा थर धरतो. पानं वाळवून, झोडपून तो काढतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. वनस्पतींच्या मेणांत इतकं कठीण मेण क्वचितच. गोळ्या-चॉकलेटांवरची आणि औषधाच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा याचीच असते.

पण डब्यात शुद्ध कार्नौबा कधीच नसतो. तो इतका कठीण की हाताने लावताच येणार नाही. म्हणून त्यात द्रावकं, तेलं, मऊ मेणं मिसळतात. डब्यावर "शंभर टक्के कार्नौबा" लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ फार तर वापरलेलं मेण कार्नौबाचं, एवढाच. मिश्रण मऊ झालं की वितळण्याचा बिंदूही खाली येतो, आणि मेमध्ये आपलं बॉनेट त्याच्या जवळ जातं. चमक सुंदर येते, लाल आणि काळ्या रंगावर तर फारच खोल दिसते. टिकतं मात्र महिना-दीड महिना. आपल्या पावसात त्याहूनही कमी. दर महिन्याला रविवारची सकाळ गाडीला द्यायची आवड असेल तर जरूर घ्या. ज्यांना ती आवड नाही, त्यांच्याकडे डबा अर्धा भरलेला राहतो आणि गाडी उघडी.

दुसरी जात कृत्रिम सीलंटची. यात मेणाऐवजी प्रयोगशाळेत घडवलेले पॉलिमर असतात, बहुधा सिलिकोनच्या कुळातले. ते रंगाला जास्त घट्ट धरतात, उष्णतेने मऊ पडत नाहीत आणि चार ते सहा महिने काम देतात. चमक थोडी काचेसारखी, कोरडी वाटते. पांढऱ्या आणि रुपेरी गाड्यांवर हा फरक दिसतच नाही, आणि आपल्या पार्किंगमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या त्याच रंगांच्या. कार्नौबा आणि पॉलिमर एकत्र करून केलेली मिश्र वॅक्सही मिळतात. त्यांतलं अमेरिकेचं कॉलिनाइट ८४५ मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण त्याचं नावच "इन्सुलेटर वॅक्स" आहे. उच्च दाबाच्या विजेच्या तारांच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर खारी धूळ साचली आणि ओल आली की वीज उडी मारते. ती धूळ बसू नये म्हणून लावायचं हे मेण गाडीवाल्यांनी आपलंसं केलं. खाडीकाठच्या माणसाला याहून पटणारी शिफारस कोणती? ते पातळ आहे, बाटलीतून थेंब-थेंब घेऊन लावता येतं. बाहेरून येत असल्यामुळे महाग पडतं, पण एका वेळी लागतं फार थोडं. जपानच्या सॉफ्ट९९ कंपनीचं फुसो कोट डब्यावर बारा महिन्यांचा शब्द देतं. ते घट्ट असतं, थोडं जाड लागलं तरी पुसताना दमछाक करतं. म्हणून पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

तिसरी, हल्ली सगळीकडे दिसणारी जात म्हणजे सिरॅमिक स्प्रे. सिलिका किंवा तिच्या जवळच्या रसायनांचं पाण्यात केलेलं मिश्रण. धुतलेल्या गाडीवर फवारायचं, एका कापडाने पसरायचं, दुसऱ्याने पुसायचं. टर्टल वॅक्ससारख्या जुन्या कंपन्यांनीही हे स्प्रे काढले आहेत आणि ते आपल्याकडे मिळतात. अर्ध्या तासात गाडी होते. तीन-चार महिने पाणी छान पळतं. ज्यांना कंबर वाकवून गोल गोल घासणं जमत नाही, त्यांना मी हेच सांगते.

स्टुडिओत जाऊन करून घ्यायचं खरं सिरॅमिक कोटिंग हे वेगळं प्रकरण. त्याचा थर वॅक्सपेक्षा जाड आणि कडक असतो, दोन-तीन वर्षं टिकू शकतो, खर्च दहा-पंधरा हजारांपासून पुढे. त्याच्या जाहिरातीतलं "९एच" ऐकून लोक दगडाशी टक्कर घ्यायला निघतात. ते ९एच पेन्सिलीच्या कसोटीतलं आहे. आम्ही वेगवेगळ्या कडकपणाच्या शिसपेन्सिली ठरावीक कोनात धरून रंगावर ओढत असू. ज्या सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा पडत नाही, तो त्याचा कडकपणा. ९एच म्हणजे सर्वांत कडक पेन्सिलीलाही पुरून उरलं, इतकंच. खनिजांच्या कठीणपणाच्या मापाशी त्याचा संबंध नाही आणि आपल्या काळ्या दगडाच्या भुग्याने त्यावरही चरे पडतात. शिवाय कोटिंगच्या आधी रंग घासून सारखा केलेला असतो, म्हणजे क्लिअर कोटचा काही भाग त्याच दिवशी गेलेला असतो. नवी कोरी गाडी असेल, काळजीने धुणार असाल, पैसे मोकळे असतील तर करा. रोज कोरड्या फडक्याने पुसली जाणार असेल तर करू नका.

आणि "टेफ्लॉन कोटिंग". शोरूममध्ये गाडीच्या बिलात ते अजूनही घुसतं. तव्यावर टेफ्लॉन बसवताना तो तीनशे अंशांच्या वर भाजतात. गाडी इतकी भाजता येत नाही. ते द्रव्य बाटलीत असलं तरी तव्यासारखं पत्र्याला धरत नाही. त्या नावाचे वेगळे पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तर सोसायटीतल्या मुलांना माझं उत्तर असं असतं: उघड्यावर उभी राहणारी गाडी, आठवड्यातून एक-दोनदा धुणं, स्वतः लावायची तयारी असेल तर पातळ मिश्र वॅक्स किंवा सीलंट, वर्षातून दोनदा. मध्ये कंटाळा आला नाही तर धुतल्यावर एखादा सिरॅमिक स्प्रे. टिकाऊपणाच्या आकड्यांत दोन बाटल्यांत महिन्याभराचा फरक असेल तर जी लावायला सोपी ती घ्या. अवघड वॅक्स दुसऱ्यांदा लावलं जात नाही.

दोनदा म्हणजे केव्हा? हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो. म्हणून एक हात मृगाच्या आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिल्या सरी हवेतली सगळी धूळ आणि कारखान्यांचा धूर घेऊन खाली येतात, ते पाणी गाडीवर वाळू देऊ नये. दुसरा हात नवरात्रात, दसऱ्याच्या आधी. त्या दिवशी आपण गाडीला झेंडू बांधतो, बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतो. पांढऱ्या रंगावर ओली हळद दोन दिवस राहिली की पिवळी छटा धरते. वॅक्स असेल तर पूजेनंतर संध्याकाळी ओल्या कापडाने ती सहज निघते. झेंडूचा हार मात्र आरशाला किंवा नंबरप्लेटच्या वर बांधा. बॉनेटवर आडवा टाकून गाडी पळवली की त्याचा दोरा रंगावर घासत राहतो.

लावण्याची पद्धत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागायला हवा. गरम पत्र्यावर द्रावक क्षणात उडून जातं आणि वॅक्सचे पट्टे उरतात. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग शाम्पूने धुवावं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर क्षारांचे पांढरे गोल उठतात. मोरबे धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ आहे. पोडियममध्ये पाइप लावायला सोसायटीची मनाई असेल तर हे काम एखाद्या धुलाई केंद्रावर करून घ्या आणि वॅक्स घरी येऊन लावा. फक्त तिथे सांगा की "पॉलिश नको, नुसतं धुवा."

धुतल्यावर हात एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावर फिरवा. बोटांना न जाणवलेली खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. खरखर असेल तर आधी लोखंड विरघळवणारा स्प्रे मारा. लोखंडाचे कण असतील तिथे जांभळे ओघळ येतात, वास उग्र असतो, वाळू न देता धुऊन टाकायचं. मग क्ले बार, म्हणजे एक मऊ मातीसारखा गोळा, भरपूर साबणपाण्यात हलकेच फिरवायचा. अडकलेले कण तो उचलून घेतो. जमिनीवर पडलेला गोळा पुन्हा वापरू नये. या पायरीशिवाय वॅक्स लावणं म्हणजे धुळीवर वॅक्स लावणं, आणि धूळ सुटली की वॅक्सही सुटतं.

मग एक दार किंवा अर्धं बॉनेट एवढाच भाग घ्या. स्पंजावर चार-पाच थेंब पुरतात. दिसेल न दिसेल इतका पातळ थर पसरा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, रंगाला धरतो तो पहिला पातळ थरच. बाकीचं कापडात जातं आणि हात दुखवतं. बोट फिरवून बघा: थर ओढला गेला तर अजून थांबा, बोटाखाली स्वच्छ चमक उघडी पडली तर पुसा. एप्रिलमध्ये हे काही मिनिटांत होतं. दमट हवेत दुप्पट वेळ लागतो, म्हणून जुलैत मी कुणाला वॅक्स लावायला सांगत नाही, स्प्रे मारा म्हणते. पुसायला जाड, लवदार मायक्रोफायबर घ्या आणि त्याच्या कडेचा शिवलेला टाका रंगावर येऊ देऊ नका. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर वॅक्स लागलं की पांढरे डाग राहतात, तिथे आधी चिकटपट्टी लावून घ्यावी. लावल्यावर रात्रभर गाडी कोरडी राहिली तर उत्तम.

काही गाड्यांना हे सगळं लागू नाही. मॅट रंगाच्या गाडीला किंवा बुलेटला चमकीचं वॅक्स लावलं की तुकड्या-तुकड्यांनी चमकते आणि ते परत काढणं कठीण. तिच्यासाठी मॅटचंच सीलंट मिळतं. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या दारावर किमान महिनाभर काही लावू नका. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, गॅरेजमध्ये फार तर साठ अंशांवर. त्यातलं द्रावक पुढे कित्येक दिवस हळूहळू निघत असतं, वर झाकण घालू नये. आणि गाडी रंगवायला देताना पेंटरदादांना सांगा की याला सीलंट लावलेलं आहे. सिलिकोनचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आमच्या फवारणी कक्षात हाताला क्रीम लावून यायलाही बंदी होती.

टवका उडाला असेल तर त्यावर वॅक्स भरू नका. प्रयोगशाळेत आम्ही रंगवलेल्या पट्टीवर पत्र्यापर्यंत फुली कोरून ती ३५ अंशांच्या खाऱ्या धुक्यात ठेवत असू. गंज नेहमी त्या फुलीतून सुरू होई आणि रंगाखालून सरकत जाई. पाम बीच रोडच्या हवेत गाडीचा टवका म्हणजे तशीच एक फुली. आधी टच-अप पेन, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग वॅक्स.

शेवटी गाडी धुणाऱ्या दादांबद्दल. पहाटे एका बादलीत ओळीने गाड्या पुसणारा माणूस मुद्दाम काही बिघडवत नाही, त्याच्याकडे तेवढंच पाणी आणि तेवढंच फडकं असतं. आपल्या गाडीसाठी त्याला दोन वेगळी मायक्रोफायबर कापडं द्या, एक वरच्या भागाला आणि एक खालच्या चिखलाच्या भागाला. शाम्पूची लहान बाटली द्या आणि महिन्याचे थोडे जास्त पैसे द्या. धूळ बसलेल्या दिवशी कोरडं पुसू नका, राहू द्या, असंही त्याला सांगून ठेवा. आमच्या खालच्या पार्किंगमधल्या दादांनी आता सगळ्याच गाड्यांसाठी कापडं वेगळी टांगायला सुरुवात केली आहे, प्रत्येकावर खडूने फ्लॅटचा नंबर लिहून.